मोटारगाडीतील जाड तार : तिची निवड कशी करावी

चेन्नई सेंट्रल स्थानकाहून अरक्कोणमच्या दिशेने निघालेली लोकल गाडी पेरांबूर, विल्लिवाक्कम, कोरट्टूर ही स्थानके मागे टाकीत अंबत्तूरला येते. हा सारा टापू चाकांचा आणि यंत्रांचा आहे. पेरांबूर येथे १९५५ साली रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना उभा राहिला. अंबत्तूर येथे त्याच्याही आधी सायकलींचा कारखाना निघाला होता. अंबत्तूरला लागूनच असलेल्या पाडी या भागात १९६१ साली स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएस या कंपनीने मोटारगाड्यांचे स्टार्टर व वीज निर्माण करणारी जनित्रे तयार करण्यास आरंभ केला. त्याच दशकात अंबत्तूरची औद्योगिक वसाहत वसली आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांनी ती भरून गेली. २०११ साली अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तथापि कारखान्यांचे गाव ही त्याची ओळख कायम राहिली आहे.

अशा ठिकाणी मोटारीच्या विजेची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरापुढे एक प्रश्न वारंवार येतो. एखाद्या मालमोटारीच्या मालकाला पुढच्या बाजूस दोन जादा दिवे बसवून हवे असतात. कोणाला चाकात हवा भरणारा पंप हवा असतो, तर कोणाला गाडीच्या मागील भागात विजेची उपकरणे चालवायची असतात. उपकरण विकत आणले जाते, त्याची किंमतही काळजीपूर्वक ठरवली जाते. परंतु त्याला वीज पोहोचवणारी तार मात्र हाताला लागेल ती वापरली जाते. मग दिवे मिणमिणतात, पंप रडतखडत चालतो, आणि क्वचित प्रसंगी गाडी पेट घेते. तारेच्या जाडीचा प्रश्न दिसायला क्षुल्लक असला, तरी त्याच्याशी पैसा आणि प्राण या दोहोंचा संबंध आहे. सुदैवाने त्याचे उत्तर शोधण्यास शाळेतील गुणाकार-भागाकारापलीकडे गणित लागत नाही.

कमी दाब, अधिक प्रवाह

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. मोटारगाडीतील बॅटरीचा दाब बहुधा १२ व्होल्ट आणि मोठ्या मालमोटारींत व बसगाड्यांत २४ व्होल्ट असतो. बारा व्होल्टच्या तारेला हात लागला तरी सहसा धक्का बसत नाही. यावरून पुष्कळांचा असा समज होतो की, कमी दाबाच्या विजेला बारीक तार पुरेल. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे.

विजेची शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार होय. व्होल्टला अँपिअरने गुणले म्हणजे वॅट मिळतात. १,२०० वॅटचे एखादे उपकरण घरातील २३० व्होल्टवर चालवले, तर त्याला सुमारे सव्वापाच अँपिअर प्रवाह लागेल. तेवढीच शक्ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यायची झाल्यास १०० अँपिअर प्रवाह घ्यावा लागेल.

पाण्याच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रात १९१५ पासून घाटमाथ्यावरील पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून वीज निर्माण केली जाते. तेथे थोडे पाणीही पुष्कळ काम करते, कारण ते फार उंचावरून पडते. तेवढेच काम दहा मीटरच्या पडीवर करून घ्यायचे असेल, तर पन्नासपट पाणी सोडावे लागेल आणि त्यासाठी तितकाच रुंद कालवा खणावा लागेल. मोटारगाडीतील वीज ही अशी कमी उंचीवरून पडणाऱ्या पाण्यासारखी आहे. तिला वाहण्यास रुंद वाट हवी. जाड तार ही ती वाट होय.

रोध व त्याचे दोन परिणाम

तांबे उत्तम विद्युत्‌वाहक असले, तरी विजेला थोडासा अडथळा करतेच. या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. तार जितकी लांब तितका रोध अधिक. जितकी जाड तितका कमी. येथे जाडी म्हणजे तारेचा व्यास नव्हे, तर तारेचा आडवा काप घेतला असता दिसणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ होय. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते आणि रोध चौथाईवर येतो.

एक चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाच्या आणि एक मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअस तापमानाला ०.०१७२ ओहम असतो. तांबे तापले की त्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. चेन्नईत मे महिन्यात हवेचेच तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. इंजिनाच्या झाकणाखाली ते याहून पुष्कळ अधिक असते. साठ अंशांना हा रोध ०.०२ ओहमच्या जवळ येतो. म्हणून उष्ण प्रदेशात हिशेबासाठी ०.०२ हा आकडा धरणे हिताचे असून तो लक्षात ठेवण्यासही सोपा आहे.

रोधाचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमातून निघतो. प्रवाहाला रोधाने गुणले असता जो आकडा येतो, तितके व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि उपकरणापर्यंत पोहोचत नाहीत. दुसरा परिणाम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. दसपट झाला तर शंभरपट.

तारेची निवड करताना या दोन्ही परिणामांची स्वतंत्रपणे परीक्षा केली पाहिजे. तार फार तापते काय, हा पहिला प्रश्न. आणि उपकरणाला पुरेसे व्होल्ट मिळतात काय, हा दुसरा. एका कसोटीस उतरलेली तार दुसऱ्या कसोटीस उतरेलच असे नाही.

दिव्यांचा हिशेब

समजा, १२ व्होल्टच्या गाडीला ६० वॅटचे तंतूचे दोन जादा दिवे लावायचे आहेत. दोहोंना मिळून १० अँपिअर प्रवाह लागेल. बॅटरीपासून चालकासमोरील बटणापर्यंत, तेथून दिव्यांपर्यंत आणि दिव्यांपासून परत, अशी विजेची एकूण वाट ६ मीटर धरू. ‘परत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वीज जाते तशी परत यावी लागते, आणि परतीच्या वाटेचा रोधही तितकाच खरा असतो. निम्मीच लांबी मोजणे ही या हिशेबात नेहमी होणारी चूक होय.

एक चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर रोध ०.०२ गुणिले ६, म्हणजे ०.१२ ओहम. दहा अँपिअरने गुणता १.२ व्होल्ट येतात. म्हणजे बारांपैकी दहा टक्के दाब वाटेतच संपला. दहा टक्के दाब गेल्याने प्रकाशही दहा टक्केच कमी होईल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या सुमारे साडेतीनाव्या घाताने बदलतो. दाब दहा टक्के घटला की प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो. मालक दोन दिव्यांचे पैसे देतो आणि दीड दिव्याहूनही कमी प्रकाश पदरात पाडून घेतो.

अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली, तर तूट अर्ध्या व्होल्टच्या आत येते आणि प्रकाश सुमारे तेरा टक्के घटतो. चार चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट आठ टक्क्यांवर येते. यातील एकही तार दहा अँपिअरने धोकादायक रीतीने तापणार नाही. तरीही रात्रीच्या रस्त्यावर बैलगाडी किंवा पायी चालणारा माणूस वेळेवर दिसतो की नाही, हे याच फरकावर अवलंबून असते. म्हणून दिव्यांच्या बाबतीत दाबाची तूट ही कसोटी उष्णतेच्या कसोटीहून अधिक कडक ठरते.

येथे कारागीर आणखी एक युक्ती योजतात. दिव्यांचा सारा प्रवाह बटणापर्यंत नेऊन परत आणण्याऐवजी बॅटरीजवळ रिले बसवतात. बटणातून रिलेला चालना देण्यापुरता अत्यल्प प्रवाह जातो व तो बारीक तारेने भागतो. जाड तार फक्त बॅटरी ते दिवा एवढ्या जवळच्या वाटेने जाते. वाट आखूड करणे हा तार जाड करण्याइतकाच चांगला आणि त्याहून स्वस्त उपाय आहे.

स्टार्टरची तार

पाडीच्या कारखान्यात ज्या प्रकारचे स्टार्टर तयार होतात, ते मोटारगाडीतील सर्वांत मोठे गिऱ्हाईक होय. थंड इंजिन फिरवताना मोटारीचा स्टार्टर दोनशे अँपिअर प्रवाह सहज घेतो. मालमोटारीचा याहूनही अधिक. मात्र हे काम काही सेकंदांचेच असते. तेवढ्यात जाड तार तापायला अवधी मिळत नाही. येथेही दाबाच्या तुटीचाच विचार मुख्यतः करावा लागतो.

जाण्यायेण्याची वाट मिळून ३ मीटर धरली, तर ३५ चौरस मिलिमीटरच्या तारेत दोनशे अँपिअरने सुमारे एक तृतीयांश व्होल्ट खर्च होतो. त्याऐवजी ६ चौरस मिलिमीटरची तार घातली, तर २ व्होल्ट खर्च होतील. दोनशे अँपिअर देताना बॅटरीचा स्वतःचा दाबही उतरून दहा व्होल्टच्या आसपास आलेला असतो. त्यातून दोन व्होल्ट वजा झाले, तर स्टार्टरच्या वाट्याला आठच उरतात. इंजिन कण्हत फिरते आणि सुरू होत नाही. दोष बॅटरीला दिला जातो, नवी बॅटरी आणली जाते, आणि रोग मात्र तारेत तसाच राहतो.

दूरच्या उपकरणाचा हिशेब

आता बॅटरीपासून ५ मीटर दूर, गाडीच्या मागील भागात ६०० वॅटचे उपकरण बसवायचे आहे असे मानू. बारा व्होल्टवर त्याला ५० अँपिअर लागतील. विजेची वाट जाऊन-येऊन १० मीटर. दाबाची तूट तीन टक्क्यांपेक्षा अधिक नको, असा निर्बंध घातला, तर ०.३६ व्होल्टपर्यंत तूट चालेल. मग लागणारे क्षेत्रफळ पुढील रीतीने मिळते.

०.०२ ला एकूण लांबीने गुणावे, त्यास प्रवाहाने गुणावे आणि आलेल्या संख्येस चालणाऱ्या तुटीने भागावे.

०.०२ × १० × ५० ÷ ०.३६ = २७.८ चौरस मिलिमीटर.

बाजारात तारा ठराविक मापांत मिळतात. २५ नंतरचे माप ३५ चौरस मिलिमीटरचे आहे. म्हणून ३५ ची तार घ्यावी. उत्तरापेक्षा वरचे माप निवडावे, खालचे कधीही निवडू नये. उष्णतेचाच विचार केला असता, तर ५० अँपिअरसाठी मोकळ्या हवेतील १० चौरस मिलिमीटरची तार पुरेशी वाटली असती. पण तिच्यात पूर्ण एक व्होल्ट वाया गेला असता.

हेच उपकरण २४ व्होल्टच्या मालमोटारीत असेल, तर प्रवाह निम्मा, म्हणजे २५ अँपिअर होईल आणि तीन टक्क्यांची तूट दुप्पट, म्हणजे ०.७२ व्होल्ट होईल. उत्तर येते ७ चौरस मिलिमीटरच्या आत. १० ची तार भागते. दाब दुप्पट केल्याने तांबे चौथाईवर आले. जड वाहनांना २४ व्होल्टची बॅटरी का देतात, याचे एक कारण येथे सापडते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील बहुतेक मोटारी ६ व्होल्ट सोडून १२ व्होल्टवर आल्या. बॅटरीवर चालणाऱ्या आजच्या मोटारी तर शेकडो व्होल्टचा दाब वापरतात. या साऱ्यामागे हाच हिशेब आहे.

वाट दहा मीटरची असता निरनिराळ्या तारांचा रोध किती, हे खाली दिले आहे. त्याला प्रवाहाने गुणले की दाबाची तूट मिळते.

१ चौरस मि.मी. — ०.२ ओहम
२.५ चौरस मि.मी. — ०.०८ ओहम
६ चौरस मि.मी. — ०.०३३ ओहम
१० चौरस मि.मी. — ०.०२ ओहम
१६ चौरस मि.मी. — ०.०१२५ ओहम
३५ चौरस मि.मी. — ०.००५७ ओहम

गेजचा घोटाळा

तार खरेदी करताना ‘गेज’ हा शब्द हटकून कानी पडतो. पोलादी पट्टीतील क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून धातू ओढून तार काढतात. सोन्याचांदीची तार सोनारही याच रीतीने काढतात. जितक्या अधिक वेळा ओढावे तितकी तार बारीक. यामुळे गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. ब्रिटनने १८८४ पासून एक गेज कायदेशीर ठरवले. अमेरिकेत निराळेच गेज रूढ झाले. दोहोंतील १० क्रमांकाच्या तारा सारख्या नाहीत. ब्रिटिश गेजची १० क्रमांकाची तार सुमारे ८.३ चौरस मिलिमीटरची, तर अमेरिकन गेजची सुमारे ५.३ चौरस मिलिमीटरची असते.

भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली गेली. तरीही ‘तीन बावीस’ आणि ‘सात वीस’ ही विजेच्या तारांची जुनी नावे बाजारात दीर्घकाळ टिकून राहिली. ‘सात वीस’ म्हणजे ब्रिटिश गेजच्या २० क्रमांकाच्या सात धाग्यांची तार. नाव कोणतेही असो, चौरस मिलिमीटर किती, हा एकच प्रश्न विचारावा. म्हणजे घोटाळा उरत नाही.

मोटारीची तार अनेक बारीक धाग्यांची असते. ०.३० मिलिमीटर व्यासाचे १४ धागे मिळून एक, २८ मिळून दोन आणि ८४ मिळून सहा चौरस मिलिमीटर होतात. भरीव तार इंजिनाच्या कंपनाने वाकून वाकून अखेर तुटते; धाग्यांची तार ते कंपन सोसते. तसेच बाहेरून जाड दिसणारी तार आतून जाड असेलच असे नाही. जाड आवरणात बारीक तांबे दडवलेले असू शकते. कधीकधी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमही तांबे म्हणून विकले जाते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे साठ टक्केच आहे. तारेचा धागा चाकूने खरवडून पाहिला, तर खालचा पांढुरका धातू लगेच उघडकीस येतो.

सांधे आणि परतीची वाट

तार उत्तम निवडली आणि सांधा सैल ठेवला, तर सारे श्रम वाया जातात. तार हातांनी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही जोडणी जड प्रवाहाला कुचकामी आहे. तारेच्या टोकावर योग्य मापाचे थिंबल चढवून ते दाबयंत्राने घट्ट आवळले पाहिजे. चेन्नई, मुंबई, रत्नागिरी यांसारख्या किनाऱ्यावरील गावी खारी दमट हवा सांध्यात शिरते, तांब्यावर हिरवट पुटे चढतात आणि रोध हळूहळू वाढतो. सांध्याचा रोध ओहमचा शंभरावा भाग एवढाच झाला, तरी पन्नास अँपिअरने तेथे २५ वॅट उष्णता निर्माण होते. ती सारी एका नखाएवढ्या जागेत कोंडते. वितळलेले आवरण बहुतेक वेळा सांध्याजवळच का आढळते, याचा उलगडा यावरून होतो.

मोटारीत परतीची वाट पुष्कळदा गाडीचा लोखंडी सांगाडाच असतो. त्याला तार जोडताना खालचा रंग आणि गंज खरवडून उघडा धातू लागला पाहिजे. तसेच बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्याला जोडणारी तार धन अग्राच्या तारेइतकीच जाड असावी.

वितळतार कोणाचे रक्षण करते

वितळतार म्हणजे फ्यूज. ती उपकरणाच्या रक्षणासाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती प्रथम तारेचे रक्षण करते. बॅटरीच्या धन अग्रापासून निघालेली अडीच चौरस मिलिमीटरची दोन मीटर तार घासून उघडी पडली आणि तिचे टोक सांगाड्याला टेकले असे समजू. तारेचा रोध ०.०१६ ओहम आणि बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरला, तर साडेचारशे अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू लागेल. त्या दोन मीटर तारेत तीन किलोवॅटहून अधिक उष्णता निर्माण होईल. तारेत तांबे पंचेचाळीस ग्रॅमच आहे. त्याचे तापमान सेकंदाला सुमारे दोनशे अंशांनी वाढू लागेल. चालकाला काही समजण्याच्या आतच आवरण वितळून पेटलेले असेल. बारा व्होल्टची वीज धक्का देत नाही, हे खरे. पण ती आग लावू शकते, हेही तितकेच खरे.

म्हणून वितळतार उपकरणापाशी न बसवता बॅटरीपाशी, शक्य तितकी जवळ बसवावी. वितळतार आणि बॅटरी यांमधील तारेचा भाग अरक्षित राहतो. तो जितका आखूड तितके बरे. वितळतारेची क्षमता उपकरणाच्या प्रवाहाहून थोडी अधिक आणि तार सुखाने वाहू शकेल त्या प्रवाहाहून कमी असली पाहिजे. वरील ५० अँपिअरच्या उदाहरणात ३५ चौरस मिलिमीटरच्या तारेला ६० अँपिअरची वितळतार शोभेल. वारंवार वितळते म्हणून तिच्या जागी अधिक क्षमतेची, किंवा त्याहून वाईट म्हणजे साध्या तांब्याच्या तारेचा तुकडा घालणे, हे पहारेकऱ्याला झोपवून दार उघडे टाकण्यासारखे आहे.

उष्णतेची कसोटी अनेक तारा एकत्र बांधलेल्या जुडीत विशेष कडक होते. मोकळ्या हवेत तारेची उष्णता निघून जाते. जुडीतील मधल्या तारेला ती सोडण्यास वाव नसतो. मोटारीच्या तारांवरील सर्वसाधारण प्लॅस्टिकचे आवरण सुमारे सत्तर अंशांपर्यंत सतत टिकते. भर उन्हाळ्यात इंजिनाजवळची हवाच त्याच्या जवळपास पोहोचली, तर तारेने स्वतः तापण्यास जागाच उरत नाही. अशा ठिकाणी अधिक उष्णता सोसणाऱ्या आवरणाची तार घ्यावी आणि जड प्रवाहाची तार जुडीपासून वेगळी न्यावी.

तारेची निवड अशा रीतीने चार प्रश्नांच्या उत्तरात सामावलेली आहे. प्रवाह किती, जाऊन-येऊन वाट किती, किती व्होल्टची तूट चालेल, आणि तार कोणत्या उष्णतेत राहणार आहे? ही चार उत्तरे कागदावर मांडण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. अंबत्तूरच्या वसाहतीतला कारागीर असो की कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, ज्याने ती पाच मिनिटे दिली त्याने बसवलेले दिवे अंधाऱ्या घाटात रस्ता दाखवतात. ज्याने दिली नाहीत, त्याच्या तारेतील चूक आवरणाखाली झाकलेली राहते आणि गाडीबरोबर दूरवर प्रवास करीत असते.